चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरचा टायर फुटला : आय-४०, ऍरिझोना

माणगंगा

इथे ट्रेलर ओढणारे बरेच जण आहेत, काही जण घ्यायच्या विचारात आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

जूनमध्ये आम्ही सॅन होजेहून ग्रँड कॅनियनला निघालो होतो. पिकअपच्या मागे २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, दोन ऍक्सल, चार चाकं. गाडीत मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेले माझे आई-बाबा. बाबांनी उभी नोकरी एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून केली. हे आधीच सांगते, कारण या गोष्टीची सुरुवात त्यांच्या तळहातापासून आहे.

गाडी कुठेही थांबली की बाबा उतरून एकेका टायरवर हात ठेवून येतात. कॅलिफोर्नियाच्या टोकाच्या नीडल्स गावात पेट्रोल भरताना त्यांनी अशीच फेरी मारली आणि म्हणाले, "उजवीकडचं मागचं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय गं." नवरा म्हणाला, दिवसभर पूर्वेला चाललोय, दक्षिणेचं ऊन त्याच बाजूला होतं. मला ते पटलं. बाहेर ४२ अंश होतं, हात लावावा ते तापलेलंच. पण उजवीकडचं पुढचं चाकही त्याच उन्हात होतं आणि ते तेवढं तापलं नव्हतं, हा विचार आम्हा दोघांनाही सुचला नाही. गेज दाराच्या कप्प्यात होता. हवा मोजायला दोन मिनिटं लागली असती. मोजली नाही.

कोलोरॅडो नदी ओलांडली की ऍरिझोना लागतं आणि रस्ता किंगमनकडे चढायला लागतो. नीडल्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ५०० फुटांवर, किंगमन ३,३०० च्या वर. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, ती आम्ही पाळत होतो. पलीकडे गेल्यावर मोकळ्या रस्त्यावर ६५ वर आलो. युक्का गावाच्या थोडं अलीकडे मागून धपधप ऐकू आली, मग मोठा आवाज झाला आणि उजव्या आरशात काळे तुकडे उडताना दिसले.

गाडी मी चालवत होते. ब्रेक दाबला नाही, नुसता पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. दोन ऍक्सल असल्यामुळे त्या बाजूच्या दुसऱ्या चाकाने भार पेलला आणि ट्रेलर फार हलला नाही. वेग उतरल्यावर उजव्या पट्टीवर आले. तिथेच थांबायचं की पुढच्या एक्झिटला जायचं, हे ठरवायचं होतं. शेजारून ७५ च्या वेगाने कंटेनर जात होते आणि प्रत्येक कंटेनरसरशी ट्रेलर डोलत होता. पुढचा एक्झिट, क्रमांक २५, एका मैलाच्या आत होता. धोक्याचे दिवे लावून, माणसाच्या चालीपेक्षा थोड्या जास्त वेगाने तिथवर गेले. रिम खराब झाली. ती खराब होणार हे माहीत होतं आणि तरीही पुन्हा मी तेच करेन. उतारावरून उतरल्यावर कडेला कठीण, सपाट जागा मिळाली. आई आणि लेकीला पाण्याच्या बाटल्या देऊन रस्त्यापासून लांब, सावलीत बसवलं.

आधी गॅसच्या दोन्ही टाक्या बंद केल्या, कारण प्रवासात फ्रिज गॅसवर चालू होता. फुटलेल्या टायरच्या पट्ट्या चाबकासारख्या फिरतात. आमच्या चाकावरचं प्लॅस्टिकचं आवरण त्यांनी उडवलं, खालचा पत्रा फाडला आणि त्या चाकाच्या ब्रेकची वायर तोडली. गॅसची नळी तिथून वीतभर अंतरावरून जाते. ती वाचली होती.

मग पाना. पिकअपसोबत आलेला पाना २१ मिलिमीटरचा आणि ट्रेलरचे नट पाऊण इंचाचे, म्हणजे १९ चे. पाना नुसताच फिरत होता. हत्यारांच्या पेटीत पाऊण इंची सॉकेट आणि लांब दांडा निघाला म्हणून निभावलं. पिकअपचा जॅकही ट्रेलरच्या कामाचा नाही, त्याची उंचीही पुरत नाही आणि ताकदही. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना जे पाय असतात ते मुक्कामात ट्रेलर हलू नये म्हणून असतात. त्यांच्यावर ट्रेलर उचलायचा नसतो, वाकतात.

आमच्याकडे प्लॅस्टिकचा रॅम्प होता. दोन ऍक्सलच्या ट्रेलरला त्याच बाजूचं चांगलं चाक रॅम्पवर चढवलं की शेजारचं फुटलेलं चाक अधांतरी होतं. चाक जमिनीवर असतानाच नट पाव आटा ढिले केले. पावच, कारण त्यानंतर गाडी फूटभर पुढे सरकायची होती. रॅम्प पुढच्या चाकासमोर ठेवला, मी पिकअप हळूहळू पुढे घेतली, बाबांनी हात वर केल्यावर थांबले. पिकअपचा पार्किंग ब्रेक लावला, ट्रेलरच्या डाव्या चाकांना पुढून-मागून पाचरी लावल्या. ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवला, तो सोडायचा नाही.

फाटलेलं चाक सहज निघालं. स्टेपनी मात्र बसेना. चिंध्या झालेल्या टायरला उंची कमी लागते आणि हवा भरलेल्या टायरला जास्त. जेमतेम इंचभर कमी पडत होतं. नवरा म्हणाला, सगळं उतरवून रॅम्पखाली फळी टाकू. बाबा म्हणाले, "गाडी कशाला हलवताय? जमीन खाली घ्या." मुक्कामाच्या सामानात घडीचं फावडं होतं. चाकाखालची खडी वीतभर लांबीत उकरली आणि चाक आत गेलं.

नट हाताने आवळून घेतले, एक सोडून एक या क्रमाने पाचही. चाक खाली आल्यावर टॉर्क रेंचने १०० फूट-पौंडांपर्यंत. आमच्या ट्रेलरच्या पुस्तिकेत ९० ते १२० दिलं आहे. स्टेपनीत हवा होती ३८ पीएसआय, हवी होती ६५. बॅटरीवरच्या पंपाने भरायला बराच वेळ गेला. थांबल्यापासून निघेपर्यंत १ तास ४० मिनिटं.

चाक बदलल्यावर १०, २५ आणि ५० मैलांवर नट पुन्हा तपासायचे असतात. ग्रिफिथच्या एक्झिटला, म्हणजे साधारण १२ मैलांवर, थांबलो तर दोन नट आणखी फिरले. किंगमनला पुन्हा पाहिलं, तेव्हा घट्ट होते.

आता मुख्य गोष्ट. किंगमनला टायरच्या दुकानात मी म्हणत होते की नक्षी तर नव्यासारखी आहे. दुकानातल्या माणसाने टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले : २३१७. म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. हा ट्रेलर आम्ही दोन वर्षांपूर्वी जुना घेतला होता. घेताना छत पाहिलं, पाण्याच्या गळतीचे डाग पाहिले, गाद्या पाहिल्या. हे चार आकडे पाहिले नाहीत. ट्रेलर वर्षातले दहा-अकरा महिने एका जागी उभा असतो, त्यामुळे नक्षी झिजतच नाही. रबर उन्हाने आतून कडक होत जातं आणि पोलादी पट्ट्यांवरून थर सुटतो. चारही चाकं आणि स्टेपनी, पाचही टायर त्याच आठवड्यातले निघाले. वर त्यांची वेगमर्यादा ६५ होती, म्हणजे आम्ही काठावरच चाललो होतो.

आणि ज्या चाकाने एकट्याने सगळा भार पेलून आम्हाला एक्झिटपर्यंत आणलं, ते उजवीकडचं पुढचं? ते काढून पाहिलं तर आतल्या बाजूला, जिथे उभ्याने नजर जात नाही तिथे, बोटभर फुगवटा आला होता. म्हणजे स्टेपनी लावून "झालं एकदाचं" म्हणत आम्ही पुढचे २३ मैल त्याच्यावर काढले होते. ताशी ४५ ने आलो एवढंच बरं. सगळे टायर बदलले.

ज्यांच्याकडे रॅम्प आहे त्यांनी तो घरासमोर एकदा वापरून पाहिला आहे का? उंची कमी पडण्याचा अनुभव आणखी कोणाला आला आहे का? आणि टायर किती वर्षांनी बदलता?

———

चाकोरी

बापरे. सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. मी पुण्यात असतो, ट्रेलर फक्त ट्रॅक्टरचा पाहिलेला. पण ते चार आकडे आपल्याकडच्या टायरवरही असतात, आठवडा आणि वर्ष याच क्रमाने. आमची गाडी घरात कमी वापरली जाते. आठ वर्षांत २२,००० किलोमीटर, नक्षी उत्तम. त्याच टायरांवर समृद्धीने नागपूरला जाऊन आलो. सिमेंटचा रस्ता, मे महिना, ताशी १२०. आता विचार करून कसंसं होतंय.

———

वाटाड्या_ओरेगन

छान लिहिलंय. रॅम्प माझ्याकडेही आहे, पण मी बाटली जॅकच वापरतो, ६ टनी. ऍक्सलखाली, जिथे पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट असतात त्या पट्टीखाली लावतो. थोडंसं उचलावं लागतं, चाक लगेच सुटं होतं. बारा वर्षांत तीन वेळा केलंय, काही वाकलं नाही. चौकटीखाली जॅक लावला तर पाटे ताणून मोकळे होईपर्यंत ट्रेलर वरच जात राहतो आणि तेवढ्या उंचीवर जॅक डळमळतो. मला ते जास्त धोक्याचं वाटतं.

———

लोहगड

वाटाड्या, इथे मी असहमत आहे. ऍक्सल बनवणाऱ्या डेक्सटर कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की ट्रेलर ऍक्सलच्या किंवा सस्पेन्शनच्या कोणत्याही भागावर उचलू नका. ऍक्सल म्हणजे पोकळ नळी असते आणि तिला मुद्दाम किंचित वरचा बाक दिलेला असतो, भार आला की चाकं सरळ उभी राहावीत म्हणून. मध्ये जॅक लावून तो बाक बिघडला तर डोळ्यांना दिसत नाही. वर्षभरात टायर एका बाजूने झिजायला लागले की मगच कळतं, आणि तेव्हा आपण टायरला दोष देतो.

चौकटीवर उंची जास्त लागते हे खरं आहे. म्हणून खाली रुंद लाकडी ठोकळ्यांची आडवी-उभी रचना करायची आणि त्यावर जॅक ठेवायचा. नुसत्या मातीवर किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर ठेवला तर जॅकच खाली रुततो. आणि फक्त जॅकच्या भरवशावर शरीराचा कुठलाही भाग ट्रेलरखाली न्यायचा नाही.

———

वाटाड्या_ओरेगन

मध्ये कोणीच लावू नये, त्यात वाद नाही. मी म्हणतो ती पट्टी चाकाला अगदी लागून असते, तिथे नळी वाकायला जागाच नाही. पण पुस्तिकेत सरसकट मनाई असेल तर नवीन माणसाला मी माझी पद्धत सांगणार नाही, एवढं मान्य. काही ट्रेलरांना चौकटीवर जॅकच्या जागी खूण केलेली असते. आपापल्या ट्रेलरची खूण आधीच शोधून ठेवा. रात्री, पावसात विजेरी तोंडात धरून शोधायची ती गोष्ट नव्हे.

माणगंगा, रॅम्पची उंची कमी का पडली ते सांगतो. दोन ऍक्सलच्या पाट्यांमध्ये एक दांडी असते, इक्वलायझर. पुढचं चाक वर गेलं की तिचं पुढचं टोक वर आणि मागचं खाली जातं. म्हणजे रॅम्पने जी उंची दिली त्यातली थोडी ती दांडी मागचं चाक खाली दाबून परत घेते. दांडी टेकेपर्यंत चाक सुटत नाही. पाटे जुने असले तर हे जास्त होतं.

———

माणगंगा

अगदी हेच! बाबांनी खाली वाकून ती दांडी पाहिली आणि म्हणाले, तराजू आहे हा. त्यामुळेच त्यांना लगेच उकरायचं सुचलं असणार.

त्यांची आणखी एक आठवण. टायरवर 'एसटी २२५/७५ आर १५' लिहिलेलं असतं, त्यातलं 'एसटी' म्हणजे स्पेशल ट्रेलर. बाबांनी लेकीकडून ती अक्षरं वाचून घेतली आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की कितीतरी वेळ मी त्यांना खरा अर्थ सांगितलाच नाही.

———

नीलमोहर

कॅलगरीहून. तुमचं चाक उजवीकडचं होतं हे मोठं नशीब. आमचं डावीकडचं गेलं होतं, एकच ऍक्सल, रहदारीच्या बाजूला. नवऱ्याला मी तिथे बसू दिलं नाही. एकच ऍक्सल असेल तर रॅम्पचा उपयोग नाही आणि रिमवर रांगत जाणंही जवळपास अशक्य. मदतीसाठी फोन केला तेव्हा कळलं की रस्त्यावरच्या मदत-सेवेचं आमचं सदस्यत्व गाडीपुरतं होतं, ट्रेलरसाठी वेगळा वर्ग घ्यावा लागतो. चार तास बसलो, दोन लहान मुलं सोबत. कोणतीही सेवा असो, निघण्यापूर्वी फोन करून एकच प्रश्न विचारा : ट्रेलरचं चाक बदलायला माणूस पाठवता का? आणि उत्तर लेखी घ्या.

परावर्तक त्रिकोण गाडीत ठेवा आणि ते लांब ठेवायला शिका. आम्ही पहिल्यांदा ट्रेलरच्या मागे दहा पावलांवर ठेवला होता. अमेरिकेत ट्रकवाल्यांना दुभाजकाच्या रस्त्यावर १०, १०० आणि २०० फुटांवर मागे ठेवावे लागतात. ते अंतर चालून पाहा, म्हणजे कळेल दहा पावलं किती थोडी आहेत. ठेवायला जाताना रस्त्याच्या कडेने नको, कठड्यापलीकडून चाला.

———

युकॅलिप्टस

मेलबर्नहून थोडी भर. इथे आपण याला कॅरॅव्हॅन म्हणतो. कच्च्या रस्त्यांसाठीच्या बऱ्याच कॅरॅव्हॅनांना पाट्यांऐवजी प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन असतं, तिथे रॅम्पचं गणित बदलतं. घरी करून न पाहता भरवसा ठेवू नये. लांब निर्मनुष्य पट्ट्यात जाणारे दोन स्टेपन्या नेतात. आम्हीही नेतो.

———

सोनकी

मी आणि हे, दोघेही सत्तरीच्या जवळ. टेक्सासमध्ये राहतो, थंडीत ट्रेलर घेऊन किनाऱ्याला जातो. चाक बदलण्यात मला सगळ्यात कठीण गेलं ते चाक उचलून स्टडवर बसवणं. रिमसकट वीस किलोच्या वर असतं. यांच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ते काम माझं. युक्ती सांगते : जमिनीवर बसायचं, चाकाखाली फावड्याचं पातं सरकवायचं, पात्याखाली लाकडाचा तुकडा आणि दांडा पायाने दाबायचा. चाक हवं तेवढं वर येतं, हातांनी नुसतं फिरवून भोकं जुळवायची. उचलावं लागतच नाही. आधी एक नट वरच्या स्टडवर लावला की चाक तिथेच लटकून राहतं.

ज्यांना हेही जमणार नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. फोन करावा आणि रस्त्यापासून लांब बसून राहावं.

———

लोहगड

सोनकीताई, ही युक्ती मी आजपासून वापरणार.

माणगंगा, नवीन टायर भार पेलण्याच्या कोणत्या वर्गाचे घेतलेत? जुने डी असतील, ६५ पीएसआयचे. बरेच जण ई घेतात, ८० पीएसआय. या मापात डी टायर २,५४० पौंड पेलतो आणि ई २,८३०, म्हणजे हाताशी थोडी शिल्लक राहते. पण दोन गोष्टी पाहिल्यात का? रिमवर आतून तिची मर्यादा कोरलेली असते, ती ८० ला चालते का. आणि व्हॉल्व्ह. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचा असतो, ८० ला जास्त दाबाचा किंवा धातूचा लागतो. दुकानात न सांगता साधा बसवून देतात कधीकधी.

ट्रकच्या काट्यावर ट्रेलर भरलेल्या स्थितीत एकदा तोलून घ्या. आणि कुठे दोन्ही बाजूंचं वजन वेगळं करून मिळालं तर तेही. माझ्या ट्रेलरची स्वयंपाकघराची बाजू ४०० पौंडांनी जड निघाली. फ्रिज, पाण्याची टाकी, कणकेचा डबा, सगळं एकीकडे.

———

माणगंगा

ई घेतले. रिमची मर्यादा दुकानातच पाहिली, चालते. व्हॉल्व्हचं मात्र विचारलं नव्हतं. आत्ता खाली जाऊन पाहून आले : तीन धातूचे आहेत, एक रबरी, आणि तो नेमका उजवीकडच्या मागच्या चाकाचा. उद्या सकाळी बदलून आणते. लोहगड, मनापासून आभार.

वजन अजून केलेलं नाही. आमचंही स्वयंपाकघर उजवीकडेच आहे.

व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर आता घेतले आहेत, दाब आणि तापमान दोन्ही पिकअपमध्ये दिसतं. गेल्या शनिवारी सांता क्रूझपर्यंत जाऊन आलो. ऊन लागलेली बाजू सावलीतल्या बाजूपेक्षा काही अंशांनी तापते, पण एकाच बाजूची दोन चाकं जवळजवळ सारखी राहतात. नीडल्सला हेच पाहायला हवं होतं. बाबांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी आकडे नीट पाहिले आणि विचारलं, "उतरून हात लावतेस ना पण?" लावते.

———

चाकोरी

सकाळी पार्किंगमध्ये जाऊन आमच्या गाडीचे आकडे वाचले. तीन टायर ३८१६, एक ११२१, तो मध्ये एकदा बदलला होता. दुपारी दुकानात जातोय. चार घेऊ का तीन?

———

वाटाड्या_ओरेगन

डिकी उघड. स्टेपनीचे आकडे काय आहेत ते आधी सांग.